त्यांचा रे, आपला रे : स्पॅनिश रॉकबद्दल वाचकांचे प्रश्न

स्पॅनिशमधल्या रॉक आणि पॉप बँडवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. ज्या पत्रांत गाण्याचं नावच नव्हतं, नुसतं ‘ते ला-ला-ला वालं’ एवढंच होतं, त्यांच्यापुढे आम्ही हात टेकले.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपला अर्जेंटिनाच्या ‘सोदा स्तेरेओ’चं ‘दे मूसिका लिखेरा’ बसवायचं आहे. कॉर्डचा कागद मिळाला, त्यावर ‘सी एम, सोल, रे, ला’ असं लिहिलंय. पेटीवाल्या मित्राने काळी चारचा सा धरला, रे म्हणजे रे, सोल म्हणजे प आणि ला म्हणजे ध असं समजून वाजवलं. गिटारशी काहीच जुळेना. चूक कोणाची? — वि. प., सांगली

कागद बरोबर आहे, मित्राचाही हिशेब बरोबर आहे, फक्त दोघांचा रे वेगळा आहे. आपला सा फिरता असतो. गवयी म्हणेल ती पट्टी सा, आणि बाकीचे स्वर तिथून मोजायचे. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत दो, रे, मी ही ठरलेल्या पट्ट्यांची नावं आहेत, ती हलत नाहीत. इंग्रजी पद्धतीतला सी म्हणजे त्यांचा दो, डी म्हणजे रे, ई मी, एफ फा, जी सोल, ए ला आणि बी म्हणजे सी. या शेवटच्या ‘सी’पाशी सगळेच एकदा तरी फसतात, कारण कानाला तो इंग्रजी सी वाटतो. पुढे लागलेला ‘एम’ म्हणजे मायनर. तेव्हा तुमच्या कागदावर लिहिलंय ते असं : बी मायनर, जी, डी, ए.

मित्राने काळी चारपासून मोजलं म्हणून त्याचा रे काळी पाचवर गेला. कागदातला रे आहे पांढरी दोन. आता पेटीसाठी चारही कॉर्ड पट्ट्यांच्या भाषेत घ्या. ‘सी एम’साठी पांढरी सात, पांढरी दोन आणि काळी तीन. ‘सोल’साठी पांढरी पाच, पांढरी सात आणि पांढरी दोन. ‘रे’साठी पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा. ‘ला’साठी पांढरी सहा, काळी एक आणि पांढरी तीन. लागोपाठच्या कॉर्डमध्ये जी पट्टी सामाईक असेल तिच्यावरचं बोट उचलू नका. पहिल्या दोन कॉर्डमध्ये पांढरी सात आणि दोन तशाच राहतात, फक्त काळी तीनवरचं बोट पांढरी पाचवर जातं.

तरीही बेसूर वाटलं तर दोन गोष्टी तपासा. पेटी स्केल चेंजर असेल तर तिचा पट्टा मूळ जागी आहे का ते आधी बघा. तो एक घर जरी सरकलेला असेल तर पांढरी सहा ही पांढरी सहा राहत नाही, आणि मग दोष कॉर्डला दिला जातो. दुसरं, जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्‌झच्या थोड्या वर किंवा खाली असतात. पेटी जागेवर सुरात लावता येत नाही, गिटार येते. म्हणून पांढरी सहा दाबून धरायची आणि गिटारची पाचवी तार तिला मिळवायची, मग बाकीच्या तारा आणि बेस. सोबत कीबोर्ड असेल तर त्याचं फाइन ट्यूनिंगही तेवढंच हलवावं लागेल.

गिटारवर नवख्यांचं बोट बी मायनरच्या बार कॉर्डवर अडखळतं. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावून ई मायनर, सी, जी, डी असे उघडे आकार धरले की हेच चार कॉर्ड मिळतात. आवाज मात्र बारीक, मॅन्डोलिनसारखा येतो. दोन गिटार असतील तर एक अशी वाजू द्या. दुसऱ्या, इलेक्ट्रिक गिटारवर पॉवर कॉर्ड घ्या : पाचव्या तारेवर दुसरं फ्रेट, सहाव्यावर तिसरं, पाचव्यावर पाचवं, सहाव्यावर पाचवं. हात फारसा हलतच नाही.

आता गाण्याबद्दल. हे चार कॉर्ड गाणं संपेपर्यंत फिरत राहतात. कडवं आणि ध्रुवपद वेगळं वाटतं ते कॉर्डमुळे नाही, वाजवण्याच्या जोरामुळे. कॉलेजचे बँड पहिल्या ओळीपासूनच डिस्टॉर्शन पूर्ण उघडतात आणि ध्रुवपदाला चढायला जागाच उरत नाही. कडव्यात तारांवर तळहात टेकवून आवाज दाबा, बेस आणि ड्रम पुढे येऊ द्या, आणि ध्रुवपदाला हात उचला. हे गाणं १९९० च्या ‘कान्सिओन आनिमाल’ अल्बममधलं. २० सप्टेंबर १९९७ ला बुएनोस आइरेसच्या रिव्हर प्लेट स्टेडियममध्ये बँडने निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हा शेवट याच गाण्याने झाला आणि गायक गुस्तावो सेराती ‘ग्रासियास तोतालेस’, म्हणजे ‘संपूर्ण आभार’, असं म्हणाला. तुमचे प्रेक्षक स्पॅनिश शिकणारे असतील तर हे दोन शब्द ऐकायची वाट बघतील, एवढं ध्यानात असू द्या.

कागदावर आणखी काही शब्द भेटतील. सोस्तेनिदो म्हणजे अर्धा स्वर वर, बेमोल म्हणजे अर्धा स्वर खाली. त्रास्ते म्हणजे फ्रेट (नाव अगदी सार्थ). मेद्यो तोनो आबाखो म्हणजे सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. सेखिया या शब्दाने घोटाळा होतो, कारण स्पेनमध्ये तो कॅपोलाही म्हणतात आणि बार कॉर्डच्या आडव्या बोटालाही. शब्द कागदाच्या माथ्यावर असेल तर कॅपो, एखाद्या कॉर्डशेजारी असेल तर बोट.

प्रश्न : मी सुगम संगीत गाते. स्पॅनिश गाण्यांचे शब्द रोमनमध्ये वाचून पाठ करते, पण ओळ तालात मावत नाही, एखादं अक्षर जास्तच होतं. ऐकणारे म्हणतात की उच्चार इंग्रजी वाटतात. — मी. का., नाशिक

रोमन लिपी बाजूला ठेवा. स्पॅनिश उच्चार लिहायला देवनागरी कितीतरी सोयीची आहे, आणि मराठी जीभ या भाषेच्या अर्ध्या वाटेवर आधीच पोहोचलेली असते. स्पॅनिश त हा तांदळातला त आहे, टोमॅटोतला ट नाही. द दगडातला, ड नाही. प, त, क यांच्यामागे हवेचा झोत नसतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘तांतो’ म्हणा. कपटा हलला तर इंग्रजी शिरलं म्हणून समजा.

स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. पण आपल्या दीर्घ स्वरांइतके ताणायचे नाहीत. लिहिण्यात बी आणि व्ही अशी दोन अक्षरं आहेत, उच्चार मात्र एकच, ब. दोन स्वरांच्या मध्ये आला की ओठ पूर्ण मिटत नाहीत, इतकाच फरक. म्हणून ‘माना’ या मेक्सिकन बँडच्या गाण्याचं नाव ‘बिबिर सिन आइरे’, व्हिविर नाही. एच मुका, त्यामुळे स्पेनचा ‘ओम्ब्रेस खे’ हा बँड कागदावर एचने सुरू होतो आणि तोंडात ओने. जे, आणि ई किंवा आयच्या आधीचा जी, यांचा उच्चार ख आणि ह यांच्या मधला. ख म्हणायला जा, पण जिभेची मागची बाजू टाळ्याला टेकवू नका, हवा घासत जाऊ द्या. ‘लिखेरा’तला ख तसा आहे.

शब्दाच्या सुरुवातीचा र आणि दोन आर असलेला र तीन-चार वेळा थरथरवायचा. एकेरी र आपल्यासारखाच. पेरो म्हणजे ‘पण’ आणि पेर्रो म्हणजे ‘कुत्रा’, त्यामुळे आळस करून चालणार नाही.

आता तुमचं जास्तीचं अक्षर. स्पॅनिशमध्ये एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला तर ते दोन्ही स्वर गाताना एकाच अक्षरात बसतात. आपल्या संधीचा हा चुलतभाऊ म्हणा. स्पेनच्या ‘मेकानो’च्या ‘मे क्वेस्ता तांतो ओल्बिदार्ते’ या नावात शब्द सुटे मोजले तर नऊ अक्षरं होतात. गाताना मात्र आठ : मे, क्वेस, ता, तान, तोल, बि, दार, ते. ‘तांतो’चा शेवटचा ओ आणि ‘ओल्बिदार्ते’चा पहिला ओ एक झाले. मेक्सिकोच्या ‘कैफानेस’च्या ‘ला सेलुला के एक्सप्लोता’तही तेच : ला, से, लु, ला, केक्स, प्लो, ता. आठाची सात. स्वर वेगवेगळे असले तरी जागा एकच. ‘आ क्येन ले इम्पोर्ता’ या स्पेनच्या गायिका आलास्काच्या गाण्यात ‘ले’ आणि ‘इम’ मिळून ‘लेइम’, एका ठोक्यात. दोन्ही स्वर ऐकू येतात, पण दुसऱ्याला वेगळा ठोका मिळत नाही.

दुसरी अडचण आघाताची. शब्द स्वराने, न किंवा स ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या. अक्षरावर तिरकी रेघ असली की नियम बाजूला ठेवून जोर तिथेच द्यायचा. मराठी गायिका ओळीच्या शेवटी ‘एक्सप्लोताऽ’ असा ता लांबवतात. जोर प्लोवर हवा, ता हलकेच सोडायचा.

सराव असा करा. मूळ ध्वनिमुद्रण पाऊणपट वेगाने लावा आणि एकेक ओळ ऐकून वहीत देवनागरीत उतरवा, एका चौकटीत एकच अक्षर. जुळलेल्या स्वरांवर कमान काढा, जोराच्या अक्षराखाली रेघ. मग शब्द न गाता तालावर नुसते बोला. बोलताना मावलं की गाताना मावतंच.

प्रदेशाचा फरक सोडू नका. डबल एल आणि वाय यांचा उच्चार मेक्सिकोत य-ज च्या जवळपास, तर बुएनोस आइरेसमध्ये श. ‘रस्ता’ या अर्थाचा शब्द तिकडे काये, इकडे काशे. झेड आणि मऊ सी यांचा उच्चार लॅटिन अमेरिकेत स. स्पेनच्या बहुतेक भागात दातांत जीभ धरून इंग्रजी ‘थिंक’मधल्यासारखा. एकाच गाण्यात दोन्ही मिसळले तर सातारी आणि नागपुरी एकाच वाक्यात बोलल्यासारखं होतं.

प्रश्न : आमच्या घरी पोर्तुगीज गाणी गायली जायची. त्या जोरावर स्पॅनिश गाणी जमतील का? — फा. डि., मडगाव

अर्थ बराचसा लागेल, उच्चार मुद्दाम बदलावे लागतील. पोर्तुगीजमधला अनुनासिक स्वर स्पॅनिशमध्ये नाही. तुमचं ‘कोरासांव’ इथे स्वच्छ ‘कोरासोन’ होतं. पोर्तुगीज बिनआघाताचे स्वर गिळतं, स्पॅनिश एकही गिळत नाही. शब्दाच्या शेवटचा स तुमच्या जिभेवर श होऊ पाहील, त्याला आवरा. आणि ओळखीच्या शब्दांवर फार विसंबू नका. ‘लोस फाबुलोसोस कादिलाक्स’ने क्युबन गायिका सेलिया क्रूससोबत गायलेलं ‘बासोस बासिओस’ पोर्तुगीज कानाला रिकाम्या कुंड्या किंवा फुलदाण्या वाटेल. स्पॅनिशमध्ये बासो म्हणजे पाणी प्यायचा पेला.

प्रश्न : ‘कैफानेस’च्या ‘ला नेग्रा तोमासा’ला मी तबल्यावर केरवा लावतो. आठ मात्रा बरोबर बसतात, पण गाणं लंगडतं. का? — र. शिं., कोल्हापूर

कारण पाचव्या मात्रेत आहे. हे मूळ क्युबन गाणं, गियेर्मो रोद्रीगेस फिफेचं. कैफानेसने १९८८ मध्ये ते कुंबियाच्या चालीत वाजवलं. कुंबिया कोलंबियातून आलेला ताल. त्याचा बेस आठ मात्रांत पहिली, पाचवी आणि सातवी अशा तीन ठिकाणी पडतो. तुमचा केरवा ‘धा गे ना ती, न क धी ना’. पाचव्या मात्रेवर खाली, डग्गा गप्प. बेस गिटार नेमका तिथे बोलतो आणि तुम्ही तिथे हात उचलता. ऐकणाऱ्याला पाय अधांतरी पडल्यासारखं वाटतं.

उपाय सोपा आहे. पाचव्या मात्रेला ‘न’ऐवजी ‘धा’ घ्या, सातव्याचा ‘धी’ आहे तसाच. पहिल्या मात्रेचा धा घुमू द्या, दुसऱ्या मात्रेचा ‘गे’ गाळा, नाहीतर बेसच्या दोन ठोक्यांमधली मोकळी जागा भरून जाते. वर खरखरीचं वाद्य हवंच, त्याच्याशिवाय कुंबिया ओळखू येत नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांकडे रेसो-रेसो असतं, ते चालेल. पहिल्या मात्रेवर दोन मात्रांची लांब घासणी, मग तिसऱ्या-चौथ्यावर दोन तुटक. पाचव्यापासून पुन्हा तसंच. तोंडाने म्हणायचं तर ‘खर्रऽ चिक चिक, खर्रऽ चिक चिक’. लय मिनिटाला साधारण ९० ते १०० ठोके, एका ठोक्यात दोन मात्रा. त्याहून पळवलं की बँडबाजाची वरात होते.

आणि हो, तिहाई नको. समेवर आदळून टाळी घेण्याची सवय या संगीताला मारक आहे. इथे टोक गाठायचं नसतं, फिरत राहायचं असतं.

केरवा जसाच्या तसा चालवायचा असेल तर क्युबन वळणाची, तीन-तीन-दोन अशी विभागणी असलेली गाणी निवडा. तिथे वजन पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर असतं, आणि केरव्यात त्या जागी धा, ती, धी आयतेच उभे आहेत. रेगेतोनचा पायाही हाच, त्यामुळे घरातल्या पोरांची फर्माइशही भागेल.

प्रश्न : चिलीच्या ‘लोस प्रिसियोनेरोस’च्या ‘एल बाइले दे लोस के सोब्रान’चं मराठी शीर्षक काय करावं? ‘उरलेल्यांचा नाच’ केलं, पण मनाला पटत नाही. — सु. गो., पुणे

न पटण्याचं कारण ‘उरलेल्या’मध्ये आहे. मराठीत उरलेले म्हणजे मागे राहिलेले, कधीकधी तर वाचलेले. स्पॅनिश ‘सोब्रार’मध्ये गरजेपेक्षा जास्त असल्याचा भाव आहे, ज्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही असे. त्याच धातूपासून झालेला ‘सोब्रास’ म्हणजे ताटात राहिलेलं उष्टं-शिळं. ‘नकोशांचा नाच’ जवळचं आहे, पण नकोसं होण्यात कोणाचा तरी राग असतो. इथे राग नाही, हिशेब आहे, बाकी शून्य आल्यावर काठावर पडलेली माणसं. आमचा कौल ‘उरल्यासुरल्यांचा नाच’ला. त्या ‘सुरल्या’मध्ये तुच्छता नेमकी उतरते.

संदर्भ ठाऊक असला की बाकीचं भाषांतर सोपं जाईल. होर्खे गोन्सालेस, क्लाउदिओ नारेआ आणि मिगेल तापिया ही सांतियागोच्या सान मिगेल भागातली, एकाच शाळेतली मुलं. गाणं १९८६ चं, म्हणजे लष्करशहा पिनोचेतच्या राजवटीतलं. बारा वर्षं शिकून बाहेर पडलेल्या गरीब घरच्या पोरांचं ते गाऱ्हाणं आहे. शाळेने सगळ्यांना सारखंच स्वप्न दाखवलं, पुढची दारं मात्र काहींनाच उघडली. अल्बमचं नाव ‘पातेआंदो पिएद्रास’ याच गाण्यातून घेतलंय. शब्दशः ‘दगडांना लाथा मारत’, म्हणजे हाताला काम नाही म्हणून रस्त्यावरचे दगड ठोकरत हिंडणं. तिथे दगडच ठेवा, ‘उंडारत’ केलंत तर चित्र जाईल आणि वर पोरांवरच ठपका येईल. सुरुवातीला कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं, तेही गल्लीचंच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागो मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं आणि चिलीभर आंदोलन पेटलं, तेव्हा रस्त्यावर लोक हेच गाणं गात होते. तेहतीस वर्षांनी. तुमच्या टिपणात हे एक वाक्य जरूर घाला.

प्रश्न : स्पॅनिश रॉक एमटीव्हीमुळे वाढला, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? — अ. भा., ठाणे

उलटं आहे. एमटीव्हीची लॅटिन अमेरिकन वाहिनी १ ऑक्टोबर १९९३ ला सुरू झाली. तिच्यावर दाखवलेलं पहिलं गाणं लोस प्रिसियोनेरोसचं ‘वी आर सुदामेरिकन रॉकर्स’ होतं, आणि ते १९८७ च्या अल्बममधलं. दाखवायला माल आधीच तयार होता.

तो कुठून आला हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. अर्जेंटिनात ‘लोस गातोस’चं ‘ला बाल्सा’ १९६७ मध्येच गाजलं होतं. पण १९८२ मध्ये माल्विनास (फॉकलंड) बेटांवरून ब्रिटनशी युद्ध सुरू झालं, लष्करी राजवटीने रेडिओवरची इंग्रजी गाणी बंद केली आणि स्टेशनांना रिकामा वेळ भरायला घरचे बँड शोधावे लागले. ज्या राजवटीला हे लांब केसवाले नकोसे होते, तिनेच त्यांना घराघरांत पोहोचवलं. मेक्सिकोत सप्टेंबर १९७१ च्या आवांदारो रॉक महोत्सवानंतर रॉकवर अघोषित बंदीच आली. पुढची कित्येक वर्षं कार्यक्रम शहराच्या कडेच्या गोदामांत आणि पडक्या जागांत होत, त्यांना ‘ओयोस फोंकिस’ म्हणत, म्हणजे फंकी भोकं. तिथलं दार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रॉक एन तु इदिओमा’ या कॅसेट कंपनीच्या मोहिमेने उघडलं, आणि आधी आत आले ते अर्जेंटिना आणि स्पेनचे बँड. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये गेला आणि माद्रिदमध्ये ‘मोबिदा’ या तरुणांच्या सांस्कृतिक चळवळीची धमाल सुरू झाली. मेकानो, आलास्का, रादिओ फुतुरा ही त्या हवेतली मंडळी.

प्रश्न : वेळ कमी आहे. एकच अल्बम सांगा. — नि. जो., बंगळुरू

‘काफे ताकुबा’चा ‘रे’, १९९४. वीस गाणी. एकामागून एक ऐका, शफल करू नका.

‘इंग्राता’ उत्तर मेक्सिकोच्या नोर्तेन्यो पोल्कासारखं उड्या मारत येतं. थोड्या वेळाने ‘एल बोर्रेगो’ कानठळ्या बसवतं. ‘एसा नोचे’ जुन्या रांचेरा-बोलेरोच्या वळणाचं, ‘एल फिन दे ला इन्फान्सिया’त पितळी वाद्यांचा बांदा ताफा. एकाच बँडने हे सगळं केलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. त्या वेळी त्यांच्याकडे ड्रमरही नव्हता, ठोके यंत्राचे होते. नीट ऐकलंत तर ड्रमचा आवाज मुद्दाम खोटा ठेवलेला कळतो, आणि म्हणूनच बाकीच्या तंतुवाद्यांचं लाकूड जास्त खरं वाटतं. निर्माता गुस्तावो सांताओलाया, अर्जेंटिनाचा.

बँडचं नाव मेक्सिको सिटीच्या जुन्या पेठेतल्या एका उपाहारगृहावरून घेतलं. कायद्याची अडचण नको म्हणून पुढे स्पेलिंगमध्ये यूच्या जागी व्ही आला. म्हणून शोधताना दोन्ही लिहून बघा, नाहीतर निम्मी गाणी सापडणारच नाहीत.

‘इंग्राता’बद्दल एक सांगून ठेवतो. चाल मजेदार आहे, पण शब्दांत सोडून गेलेल्या बाईला गोळ्या घालायची भाषा आहे. स्त्रियांवरच्या हिंसेचा प्रश्न लक्षात घेऊन हे गाणं यापुढे गाणार नाही, असं गायक रुबेन आल्बार्रानने २०१७ मध्ये जाहीर केलं. स्नेहसंमेलनात बसवण्याआधी अर्थ वाचा.

प्रश्न : पुरुषाने गायलेलं गाणं मुलीने गायलं तर शब्द बदलावे लागतात का? — श्रु. कु., औरंगाबाद

मराठीपेक्षा कमी. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांना स्पॅनिशमध्ये एकच रूप आहे. लिंग बदलतं ते विशेषणांत : एकटा असेल तर सोलो, एकटी असेल तर सोला. ओचा आ होतो, अक्षरं तेवढीच राहतात, ताल बिघडत नाही. बिघडलं तर यमक बिघडतं. पुढची ओळ ओने संपत असेल तर तिथेच कान टोचतो. अशा ठिकाणी मूळ रूप तसंच ठेवलं तरी कोणी नावं ठेवत नाही. मेकानोची गाणी कानो बंधू लिहीत आणि आना तोर्रोखा त्यांतली कित्येक पुरुषाच्या तोंडची गाणी तशीच गात असे.

एका स्वराने काय होतं त्याचा नमुना बघा. मानाचा १९९२ चा अल्बम ‘दोंदे खुगारान लोस नीन्योस’, म्हणजे ‘मुलं कुठे खेळतील’. विषय पर्यावरणाचा, सूर काळजीचा. १९९७ मध्ये ‘मोलोतोव’ नावाच्या टवाळ बँडने आपल्या पहिल्या अल्बमला नाव दिलं ‘दोंदे खुगारान लास नीन्यास’, ‘मुली कुठे खेळतील’. काही मोठ्या दुकानांनी तो ठेवायला नकार दिला, तेव्हा पोरांनी तो रस्त्यावर विकला.

प्रश्न : ‘आसेरेखे’ या गाण्याच्या ध्रुवपदाचा अर्थ कुठल्याच शब्दकोशात नाही. — दि. मो., जळगाव

सापडणारही नाही. ‘लास केचप’ या कोर्दोबाच्या बहिणींचं हे २००२ चं गाणं. दिएगो नावाचा एक तरुण क्लबमध्ये जातो आणि डीजे त्याचं आवडतं गाणं लावतो. ते १९७९ चं अमेरिकन रॅप, ‘रॅपर्स डिलाइट’. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून कानाला जसं ऐकू येतं तसं तो गातो. तेच तुमचं ध्रुवपद. दोन्ही गाणी लागोपाठ लावा आणि अमेरिकन गाण्याच्या पहिल्या ओळीवर दिएगोचे शब्द म्हणून बघा, अक्षराला अक्षर लागतं. बहिणींच्या वडिलांना, म्हणजे फ्लामेंको गिटारवादक खुआन मुन्योस यांना, ‘एल तोमाते’ म्हणत. टोमॅटोच्या मुली म्हणून केचप.